चौथ्या गाण्याचा शेवट

१

सुरतजवळच्या उधन्यात आठवड्यातून एकच दिवस ऐकू येत असे. उरलेले सहा दिवस यंत्रमागांचा खडखडाट गल्लीच्या भिंतींतून, गटारावरच्या फरशांतून आणि जेवणाच्या ताटातूनही चालू असे. माणसे एकमेकांशी बोलत ती ओठ पाहून. रजेच्या दिवशी कारखान्यांची वीज बंद होई, घरांची चालू राही. सकाळी आठच्या सुमारास शेवटचा माग थांबला की कानांत एक पोकळी उघडे. त्या पोकळीत आम्ही आमचा पहिला अल्बम ध्वनिमुद्रित केला. त्याचे नाव म्हणूनच ‘रजेचा वार’.

ही १९९६ची गोष्ट, प्लेगनंतर दोन वर्षांनीची. आम्ही तिघे होतो. चेतन गिटार वाजवी आणि गाई. वाल्मिक आठवडाभर मागावर उभा असे आणि रजेच्या दिवशी लग्नाच्या बँडने मोडीत काढलेल्या ड्रमवर आठवड्याचा राग काढी. मी, बुद्धभूषण, बेस वाजवीत असे. भौतिकशास्त्रात नुकताच एम.एस्सी. झालो असल्याने उसना आणलेला चार ट्रॅकचा रेकॉर्डर सांभाळण्याचे कामही माझ्याकडेच होते. बँडचे नाव ‘ताप्ती लाइन’, कारण तिघांचेही बाप त्याच रेल्वेने सुरतेला आले होते.

ब्लूज आम्हाला भंगारात सापडला, एका निनावी कॅसेटवर. बारा चरणांचा एकच फेरा पुन्हा पुन्हा येई आणि त्यावर कोणी तरी घाई न करता, दात आवळून आपले गाऱ्हाणे सांगे.

“हा तर आपला हिलालबाबा शे,” पहिल्यांदा ऐकताना वाल्मिक म्हणाला होता. “एकच गोष्ट बारा खेपा सांगस.”

हिलाल म्हणजे चेतनचे वडील. चेतन हसला. मी हसलो नाही.

२

माझे वडील सोमा १९८४ साली मिलमध्ये वारले. मिलचे नाव लिहीत नाही. लिहिले तर मी सूड उगवतो आहे असे कोणी म्हणेल, आणि ते खरे असेल.

वडील कियर खात्यात होते. कियर म्हणजे सुती कापड सोड्यात उकळून पांढरे करण्याचे, दोन पुरुष उंचीचे बंद लोखंडी भांडे. वरच्या तोंडातून ओले कापड दोरासारखे आत सोडत आणि एक माणूस आत उतरून ते पायांनी दाबून, थरावर थर रचत असे. तो बाहेर आला की झाकण लावायचे आणि वाफ सोडायची. वाफेच्या चाकापासून वरचे तोंड दिसत नसे आणि खात्यात इतका आवाज असे की हाक मारणे व्यर्थ होते. म्हणून तेथे पान्याने पाइपावर ठोके देण्याची रीत होती. तीन संथ ठोके म्हणजे ‘आत माणूस आहे’. बाहेरच्याने तितकेच ठोके परत द्यायचे; उत्तर मिळेपर्यंत आतला ठोकत राही. दोन जलद ठोके म्हणजे ‘बाहेर आलो, सोड’. ही रीत कोणत्याही नियमावलीत नव्हती, पण तिच्यावर माणसे जगत होती.

त्या दिवशी वाफेच्या चाकावर हिलाल होते. त्यांनी चाक फिरवले तेव्हा माझे वडील आत होते.

चौकशीत हिलाल यांनी सांगितले की दोन ठोके आले. या एका वाक्यावर अहवाल उभा राहिला: ज्याअर्थी दोन ठोके आले त्याअर्थी मयत बाहेर आला होता, ज्याअर्थी तो आत सापडला त्याअर्थी तो पुन्हा आत गेला, आणि शुद्धीवरचा माणूस पुन्हा आत जाणार नाही, म्हणून ‘मयताने मद्यप्राशन केले असावे’. माझ्या वडिलांनी दीक्षेच्या दिवशी जी शपथ घेतली होती तीत दारूला स्पर्श न करण्याची शपथ होती आणि त्यांनी ती मोडल्याचे आईने एकदाही पाहिले नव्हते. अहवालाची नक्कल तिने पत्र्याच्या पेटीत ठेवली आहे. मी बारा वर्षांचा असताना ती प्रथम वाचली. जबाबात एक ओळ अशी आहे: ‘ठोक्यांमागोमाग पलीकडील घडीखात्यातून माणसाचा आवाजही आला.’ त्याच्याखाली चौकशी करणाऱ्या साहेबाच्या अक्षरात शेरा आहे: ‘घडीखाते त्या दिवशी कुलूपबंद. विश्वासार्ह नाही.’

अर्थात आवाज विश्वासार्ह नव्हता, परंतु ठोके होते. अहवाल असे लिहितात.

चेतन माझा मित्र होता, आणि त्याच्या बापाने खोटी साक्ष दिली होती. या दोन गोष्टी मी दहा वर्षे वेगवेगळ्या खिशांत बाळगल्या. चौथे गाणे लिहिताना त्या मी एका खिशात घातल्या. गाण्याचे नाव ‘मजार’. अहिराणीत मजार म्हणजे आत. ध्रुवपद असे होते:

*वाफ नको सोडू भो, मी आजून मजार शे.*

वडिलांच्या नावावरचा ‘मद्यप्राशन’ हा शब्द मला खोडायचा होता. न्यायालयात ते शक्य नव्हते. कॅसेटवर होते.

३

मिल ८६ साली बंद पडली. तिच्या आवारातले घडीखाते, म्हणजे तयार कापडाच्या घड्या घालण्याचे लांबट दालन, रखवालदाराच्या कृपेने आम्हाला रजेच्या दिवसापुरते मिळे. वडील जेथे गेले तेथून एका भिंतीच्या अंतरावर मी बेस वाजवीत होतो. हे मी मुद्दाम निवडले होते. त्या भिंतीलगत जुना वाफेचा पाइप आडवा गेला होता. ‘मजार’मध्ये ड्रम नव्हते, वाल्मिकने पाइपावर पान्याने तीन संथ ठोके द्यायचे, थांबायचे, पुन्हा तीन. त्या थांबण्यात चेतनची गिटार उत्तर देई.

तीन वेळा वाजवून पाहिले, तरी शेवट जमेना. गाणे ठोक्यांवरच विरून जाई.

“प्रोफेसर, हे असंच लटकतं ठेवायचं का?” वाल्मिकने पाना खांद्यावर टाकला. “ऐकणारा म्हणेल, लाइट गेली.”

“शेवटी दोन मार,” मी म्हणालो. “जलद.”

चेतनने तारांवर हात ठेवून त्या बंद केल्या. दोन ठोक्यांचा अर्थ त्याला ठाऊक होता.

“ते कशाला?”

“ती तुझ्या वडिलांची साक्ष आहे. आतला माणूस ‘मी आत आहे’ म्हणतो आहे आणि बाहेरचे दोन ठोके ऐकताहेत. सगळ्या उधन्याने ऐकावे, हे खोटे कसे वाजते ते.”

“मास्तर, तुझा राग माझ्या बापावर शे का शेठवर?”

“शेठ गाणी ऐकत नाही.”

“आणि माझा बाप तर बहिरा झालाय!” चेतन ओरडला. “सहा वर्षं झाली. त्याले फटाका ऐकू येस नही. मग हे कोणासाठी?”

वाल्मिकने आमच्याकडे पाळीपाळीने पाहिले आणि म्हणाला, “भांडण टेपवर घ्यायचं असेल तर सांगा, मी चहा घेऊन येतो.”

आम्ही चौथ्यांदा वाजवले. चेतन संतापला होता आणि त्यामुळे तो इतका चांगला गायला की शेवटी त्याचा आवाज फाटला, आणि तो फाटणेच योग्य होते. वाल्मिकने तीन ठोके दिले. थांबला. मग दोन, जलद.

“झालं,” मी म्हणालो. “आता कोणी हलू नका.”

ही माझी प्रयोगशाळेतील सवय. स्वर पूर्ण विरेपर्यंत टेप चालू ठेवावी लागते. मी मनात दहापर्यंत मोजतो. आम्ही तिघे निश्चल उभे होतो. खात्यात काहीही ऐकू आले नाही. याविषयी तिघांचेही एकमत आहे आणि ते मी येथे नोंदवतो.

४

त्याच आठवड्यात एक प्रत किरीटभाईंकडे नमुन्यासाठी दिली. रेल्वे फाटकाजवळ त्यांचे भजन-गरब्याच्या कॅसेटांचे दुकान होते आणि पाचशे प्रती काढायला ते तयार होते. मूळ टेप मी घरी हेडफोन लावून तपासली.

वाल्मिकच्या प्रत्येक तीन ठोक्यांनंतर, गिटारच्या खाली, आणखी तीन ठोके होते.

मी वही काढली. पहिली शक्यता: टेपच्या एका वेढ्याचा ठसा शेजारच्या वेढ्यावर उमटतो, हा ज्ञात दोष आहे. पण तो ठसा ठरावीक अंतराने येतो, आणि हे ठोके कधी एक सेकंदाने तर कधी जवळजवळ दोन सेकंदांनी येत होते. दुसरी: प्रतिध्वनी. लोखंडातून ध्वनी सेकंदाला सुमारे पाच किलोमीटर जातो. इतका उशीर होण्यास पाइप चार-पाच किलोमीटर लांब, म्हणजे पांडेसऱ्याच्याही पुढे गेलेला हवा होता; आमचा चाळीस फूट होता. तिसरी शक्यता मी अधोरेखित केली: ‘पाइपात साचलेले पाणी. तापमान बदलल्यास पाणी ठोके देते.’ हे सर्वांत समंजस स्पष्टीकरण होते.

मग मी शेवट ऐकला. दोन ठोके. माझा आवाज. त्यानंतरची शांतता, जी मी स्वतः मोजली होती. चौथ्या सेकंदाला तीन ठोके. प्रतिध्वनी असता तर दोन ऐकू आले असते. दिले तेच परत येते. हे तीन होते आणि संथ नव्हते. पुन्हा तीन. पुन्हा तीन, एकात एक मिसळत. आणि त्यांच्या खालून टेपची सूक्ष्म सरसर वाढू लागली, वाढत गेली, आणि दहाव्या सेकंदाला मी स्वतः बटण दाबून ती तोडली होती.

आई चुलीपाशी होती. माझ्या चेहऱ्याकडे पाहून तिने विचारले, “काऊन रे, काय झालं?”

“काही नाही. टेपमध्ये दोष आहे.”

“मंग दुसरी आन,” ती म्हणाली.

५

पुढच्या रजेच्या दिवशी चेतनला टेप ऐकवली आणि त्याला घेऊन मी भिंतीच्या पलीकडे गेलो. सकाळचे दहा वाजले होते. पत्र्याच्या भोकांतून ऊन पडत होते. कियर खाते रिकामे होते. तीन भांडी भंगारात गेली होती, एक राहिले होते, कारण ते काढण्यासाठी भिंत पाडावी लागली असती. त्याचे झाकण बिजागरीवर उघडे होते. मी बॅटरी टाकून आत पाहिले. धूळ होती, आणि एका कबुतराचे जुने घरटे.

घडीखात्यातून येणारा पाइप भिंत ओलांडून वीतभर पुढे आला होता आणि तेथे करवतीने कापलेला होता. तो कशालाही जोडलेला नव्हता. कापलेल्या तोंडाशी गंज होता. त्याची लांबी, व्यास, कापलेल्या कडेची जाडी, सर्व मी वहीत टिपले. पाणी असल्याची खूण कोठेही नव्हती. तिसरे स्पष्टीकरण मी खोडले.

“हात घाल,” चेतन म्हणाला.

“कशाला?”

“घाल तर.”

मी पाइपाच्या तोंडात दोन बोटे घातली. आतला लोखंडी पृष्ठभाग कोमट होता. सकाळचे ऊन तेथे पोहोचत नव्हते. मी बोटे बाहेर काढली तेव्हा ती ओली होती आणि सोड्यासारखी बुळबुळीत.

चेतनने माझ्या बोटांकडे पाहिले. “चल,” तो म्हणाला. “बाबाले विचारू. तुझ्यासमोर. एकदाचं.”

६

हिलाल आपल्या खोलीच्या दाराशी खाटेवर बसून बशीतून चहा पीत होते. मी त्या घरी दहा वर्षांत शंभरदा जेवलो असेन आणि एकदाही हा प्रश्न विचारला नव्हता. चेतनने मुलांची पाटी आणली आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले: ‘सोमा. ठोके.’

हिलाल यांनी पाटी वाचली. बशी खाली ठेवली. मग माझ्याकडे पाहिले आणि बहिरी माणसे बोलतात तसे, नको तितक्या मोठ्याने बोलले.

“बारा वरीस लावात तू विचाराले. तुन्ही मायनी तर कधी विचारंच नही.”

मी पाटीवर लिहिले: ‘खोटे का सांगितले?’

“मी खोटं नही बोलनू!” त्यांचा हात खाटेच्या दांडीवर आदळला. “तीन वनात. मी तीन परत दिनात. सोमा मजार शे, माले ठाऊक व्हतं. मंग दोन वनात. पन कियरमाथून नही. भीतना पलाडथून. मी म्हंतं, हाऊ तिकडे कसा गया? इतलामा तिकडथून कोन तरी बोलनं. म्हंतं, माणूस शे तिकडे, त्यानी पाह्यं व्हई. मी चाक फिरावं.”

दोन ठोके आले होते, पण कियरमधून नव्हे, भिंतीपलीकडून, असे ते म्हणत होते. चेतनने लिहिले: ‘कोण बोलले? काय?’

हिलाल यांनी डोळे मिटले. आणि या माणसाने, ज्याच्या तोंडून मी उभ्या जन्मात अहिराणीखेरीज दुसरी बोली ऐकली नव्हती, शाळेतल्या धड्यासारखे एकेक शब्द सुटा करीत म्हटले:

“झालं. आता कोणी हलू नका.”

मग डोळे उघडून ते म्हणाले, “आम्हना खात्यामा असं कोन बोले? तूच सांग. साहेबबी हसना. त्यानी लिखंबी नही.”

चेतन माझ्याकडे पाहत होता. मी विचारले, आणि माझा आवाज मला परका वाटला, “तू घरी काही सांगितले होतेस? आपण कसे रेकॉर्ड करतो ते? मी काय म्हणतो ते?”

“भूषण, तो बहिरा आहे.”

“पाटीवर?”

“आईची शपथ, नाही.”

शपथ हा पुरावा नव्हे. मी त्या घटकेलाही तसेच मनात म्हटले. परंतु हिलाल अजून बोलत होते. त्यांना आम्ही बोललेले कळत नव्हते.

“चाक फिरावं, मंग पुन्हा तीन वनात. बिगीबिगी. पुन्हा तीन. माले वाटनं, पाइपमा पानी ठोकी राहिनं.” त्यांचा आवाज प्रथमच खाली आला. “पानीच वाटनं माले.”

७

दहा वर्षे माझ्या रागाला एक पत्ता होता. त्या दिवशी तो पुसला गेला, आणि राग मात्र तितकाच राहिला. मी खोलीत येरझाऱ्या घातल्या. मी शेठवर रागावलो, ज्याने मिलला कुलूप लावून, पाइप कापून भंगारात विकले. ज्याला आवाज अविश्वसनीय आणि ठोके विश्वसनीय वाटले, त्या साहेबावर रागावलो. जेव्हा रागवायला कोणी उरले नाही तेव्हा मला तो दुसरा मनुष्य दिसू लागला, जो भिंतीपलीकडे उभा राहून, केवळ एका म्हाताऱ्याला टोचावे म्हणून, म्हणाला होता: शेवटी दोन मार. जलद.

मी हे सिद्ध झाले असे म्हणत नाही. तेव्हाही म्हटले नाही. पण जी गोष्ट सिद्ध होत नाही तिच्यासाठीही खबरदारी घेता येते.

पुढच्या रजेच्या दिवशी आम्ही ‘मजार’ पुन्हा मुद्रित केले. या वेळी पाना मी घेतला. शेवटी तीन ठोके दिले, आणि थांबलो. दोन दिले नाहीत. काही बोललोही नाही. वाल्मिकने भुवया उंचावल्या, मी मान हलवली. एक मिनिट गेले. मग हेडफोनमध्ये, त्या कापलेल्या पाइपातून, तीन संथ ठोके आले. मी तीन परत दिले. ते तीन आले. मी तीन दिले. घाई कोणालाच नव्हती. किती वेळ गेला ते मी मोजले नाही, आणि न मोजण्याची माझ्या आयुष्यातील ती एकमेव वेळ असावी. टेप संपली तेव्हा वाल्मिकने माझ्या हातातून पाना काढून घेतला. माझी बोटे उघडत नव्हती.

“प्रोफेसर,” तो हळूच म्हणाला, “तू रडी राहिना.”

नवी टेप मी स्वतः किरीटभाईंना नेऊन दिली आणि कागदावर लिहून दिले: चौथे गाणे बदलले आहे, जुने वापरू नये. त्यांनी कागद गल्ल्याखाली सरकवला. “हा हा, थई जशे, हो जाएगा,” ते म्हणाले.

८

‘रजेचा वार’ पुढच्या महिन्यात आला, रजेच्याच दिवशी. दुपारी चार वाजता आमच्या गल्लीच्या तोंडाशी, पानाच्या टपरीवर, वाल्मिकने ती कॅसेट लावली. माग बंद होते, त्यामुळे गल्ली ऐकत होती. आई प्रथमच माझे गाणे ऐकायला दारात उभी होती. हिलाल आपल्या खाटेवर, टपरीकडे पाठ करून, बशीतून चहा पीत होते.

तीन गाणी झाली. एक बाई म्हणाली, “इतलं रडूबाई कसाले?” आणि सगळे हसले. चौथे सुरू झाल्यावर हसणे थांबले. चेतनचा आवाज गल्लीभर झाला. वाफ नको सोडू भो. आईने पदराने तोंड झाकले. शेवटचे तीन ठोके आले आणि मी श्वास सोडला.

मग टेपमध्ये एक बारीक टक्क झाले, फीत जोडल्याचे.

दोन ठोके, जलद. आणि माझा आवाज: “झालं. आता कोणी हलू नका.”

गल्ली गमतीने थबकली. पोरे पुतळ्यांसारखी उभी राहिली. किरीटभाई स्वतः आले होते, ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “अरे भाई, नवा वाला अधूरा लगता था. सुननेवाले को लगे के कॅसेट अटकी गई. मैंने पुराना एंड जोड दिया. सरस लागे छे ने?”

मी त्यांना ऐकत नव्हतो. मी हिलाल यांच्याकडे पाहत होतो.

त्यांनी बशी खाली ठेवली होती. ते उठून उभे राहिले. सहा वर्षांत ज्याने फटाका ऐकला नव्हता त्या माणसाने दोन्ही हात छातीच्या उंचीवर आणले, हवेत काहीतरी रुंद आणि गोल पकडले, आणि खांदा टेकवून ते डावीकडे फिरवू लागले. अर्धा फेरा. त्यांचे दंड थरथरत होते. जड चाक फिरवताना थरथरतात तसे. एक फेरा.

मी धावलो आणि त्यांची मनगटे धरली. ती भिजलेली आणि तापलेली होती. माझ्या मागून, टपरीच्या बाजूने, सरसर वाढत होती. ती स्पीकरमधूनच येत असावी असे मी स्वतःला सांगितले.

“काका! बंद करा! उलटं फिरवा!” मी ओरडत होतो. त्यांना ऐकू येत नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि त्यांच्या डोळ्यांत मी नव्हतो.

“काही नही,” ते मला समजावीत म्हणाले. “पानी ठोकी राहिनं.”

“वाल्मिक! बंद कर ते!”

कॅसेट बंद झाली. हिलाल यांचे हात माझ्या हातांत हळूहळू सैल झाले. तेव्हा दारातून आई म्हणाली, अगदी साध्या आवाजात, जणू कोणी पाहुणा आला आहे:

“कोन ठोकून राह्यलं रे? उघड ना त्याले.”

मला काही ऐकू येत नव्हते. मी इतकेच प्रतिज्ञापूर्वक सांगू शकतो. मला फक्त फाटकाकडच्या टपरीवरून, दोन गल्ल्यांपलीकडून, चौथ्या गाण्याचे पहिले तीन ठोके ऐकू येत होते. तेथेही कोणी तरी नुकतीच कॅसेट लावली होती, आणि किरीटभाई अभिमानाने सांगत होते की पाचशेपैकी चारशे दुकानांत गेल्या.

माझ्या मुठीत हिलाल यांची मनगटे पुन्हा ताठ होऊ लागली. मी ती सोडली नाहीत. गाण्याच्या शेवटाला अजून चार मिनिटे बारा सेकंद उरले होते.